सेवगोलम, पापवा

सेवगोलम, पापवा : (१२ डिसेंबर १९२८ ? – ५ जुलै १९७८). भारतीय वंशाचे दक्षिण आफ्रिकी व्यावसायिक गोल्फपटू. पूर्ण नाव सेवसंकर सेवगोलम. जन्म डर्बनचा. जन्मवर्षाबाबत एकवाक्यता नाही. १९३० हे वर्षही आढळते, मात्र १९२८ अधिक ग्राह्य वाटते. उसाच्या मळ्यांसाठी १८६० पासून दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या प्रदेशात आणलेल्या गिरमिटिया (करारबद्ध) मजुरांच्या समाजात हे कुटुंब मोडत होते. घरची परिस्थिती हलाखीची. शाळा झाली नाही. लहानपणापासूनच बीचवुड क्लबच्या मैदानावर ते कॅडी म्हणून गोऱ्या खेळाडूंच्या पिशव्या वाहू लागले आणि खेळ पाहूनच शिकले.

त्यांची पकड गोल्फच्या इतिहासात दुर्मीळ ठरली. उजव्या हाताने खेळणारा गोल्फपटू काठीच्या टोकाशी डावा हात आणि त्याखाली उजवा हात ठेवतो; क्रिकेटमधल्या उजव्या फलंदाजाचीही बॅटवरची पकड अशीच असते. पापवा उभे राहत उजव्या खेळाडूसारखेच, परंतु त्यांचा उजवा हात वर आणि डावा खाली असे. या पकडीत डावे मनगट फटक्याच्या क्षणी सहसा मोडत नाही, त्यामुळे चेंडूची दिशा राखणे सोपे जाते; उलट काठी मागे नेताना झोक आखडतो व अंतर घटण्याचा संभव असतो. ही पकड जाणीवपूर्वक निवडलेली नसावी. चूक दाखवायला प्रशिक्षकच नव्हता, हे कारण पुरेसे आहे. चेंडू छिद्रात ढकलण्याच्या हलक्या फटक्यासाठी अशी पकड पुढे अनेक नामवंतांनी स्वीकारली. लांब फटक्यांसाठी मात्र ती अपवादानेच दिसते.

डर्बनचे रसायनतज्ज्ञ ग्रॅहम वुल्फ यांनी त्यांचे कौशल्य हेरले आणि १९५९ मध्ये स्वतःच्या विमानाने त्यांना युरोपात नेले. त्याच वर्षी पापवांनी डच ओपन ही नेदरलँड्समधील खुली स्पर्धा जिंकली. १९६० व १९६४ मध्येही ती त्यांच्याकडेच राहिली. युरोपीय टूर या व्यावसायिक स्पर्धामालिकेची औपचारिक सुरुवात १९७२ ची, म्हणून ही विजेतेपदे तिच्या अधिकृत यादीत येत नाहीत. त्यावरून त्यांचे मोल कमी लेखणे योग्य नाही. १९६३ च्या ब्रिटिश ओपनमध्ये ते संयुक्त तेराव्या स्थानी होते.

मायदेशी मात्र वर्णभेदी धोरणामुळे त्यांना खेळण्यासाठीही सरकारी परवानगी लागे. १९६३ मध्ये डर्बन कंट्री क्लबवर त्यांनी नाताळ ओपन जिंकली. क्लबच्या इमारतीत प्रवेश नसल्याने त्यांना बाहेर, पावसात भिजत चषक घ्यावा लागला. चषक खिडकीतून दिला गेल्याची कथाही सांगतात. पण बाहेर, भर पावसात चषक स्वीकारतानाचे छायाचित्र जगभर पोहोचले आणि तोच पुरावा अधिक विश्वसनीय आहे. वर्णभेदी क्रीडाधोरणाचा तो ठळक दाखला ठरला.

१९६५ ची नाताळ ओपन त्यांनी दक्षिण आफ्रिकेचेच नामवंत गोल्फपटू गॅरी प्लेअर यांना मागे टाकून जिंकली. प्लेअर यांनी त्याच वर्षी अमेरिकन ओपन जिंकून चारही प्रमुख स्पर्धांचे वर्तुळ पूर्ण केले, यावरून त्या विजयाचे वजन कळते. फेब्रुवारी १९६५ च्या सरकारी जाहीरनाम्याने सार्वजनिक क्रीडास्थळांवरील वर्णविभाजन अधिक कडक झाले. त्यानंतर पापवांना स्पर्धांचे परवाने नाकारले गेले, पुढे पासपोर्टही काढून घेण्यात आला. ऐन भराची वर्षे अशी हिरावली गेली.

हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. डर्बनच्या रिझर्व्हॉयर हिल्स भागातील महापालिकेच्या गोल्फ मैदानाला त्यांचे नाव आहे.