गुपित नेमकं कशाला म्हणायचं?

६ मार्च २०१९. राफेल विमान खरेदीवरच्या फेरविचार याचिकांची सुनावणी सुरू होती. ‘द हिंदू’ने छापलेली कागदपत्रं संरक्षण मंत्रालयातून चोरीला गेली आहेत, ती छापणं शासकीय गुपिते कायद्याखाली गुन्हा आहे, असं ॲटर्नी जनरल के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. दोनच दिवसांनी खुलासा आला: चोरी नव्हे, छायाप्रती म्हणायचं होतं. चोरीवरून थट्टा बरीच झाली. धाक ज्या कायद्याचा घातला होता, त्याच्याकडे कमी जणांनी पाहिलं.

त्याचं मूळ १८८९ सालात आहे. काश्मीरचे महाराजा प्रतापसिंह यांच्या हातून इंग्रजांनी नुकताच कारभार काढून घेतला होता. कलकत्त्याच्या ‘अमृत बझार पत्रिके’ने त्यासंबंधीचा परराष्ट्र खात्यातला एक गुप्त कागद ऑक्टोबरमध्ये थेट छापून टाकला. त्याच महिन्यात हिंदुस्थानात गुपितांचा पहिला कायदा मंजूर झाला.

तेव्हा कायद्याचा मुख्य रोख लष्करी आणि आरमारी गुपितांवर होता. १९०३ मध्ये कर्झनच्या सरकारने त्याच पंगतीत मुलकी कारभारही आणून बसवला. म्हणजे किल्ल्याचा नकाशा आणि एखाद्या खात्याचा टिपणवजा कागद एकाच तराजूत. पुण्याच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी कायदे कौन्सिलात नेमकं इथेच बोट ठेवलं. वृत्तपत्रंही एका अर्थी सरकारसारखीच लोकहिताची राखणदार आहेत, असा त्यांचा मुद्दा होता. गोखले मवाळ खरे, पण या विधेयकावर त्यांनी मवाळपणा दाखवला नाही. विधेयक मात्र १९०४ मध्ये मंजूर झालंच.

आजचा कायदा १९२३ चा. त्यातलं कलम ३ हेरगिरीचं. त्याबद्दल फारसा वाद नाही. घोळ आहे कलम ५ मध्ये: गुप्त माहिती देणारा जसा गुन्हेगार, तसा जाणूनबुजून घेणाराही. आणि ‘गुप्त’ म्हणजे काय, याची व्याख्याच कायद्यात नाही. मग फाइलीवर शिक्का मारणारा ठरवेल ते गुपित.

याची किंमत पत्रकार इफ्तिखार गिलानी यांनी मोजली. जून २००२ मध्ये दिल्लीत त्यांना अटक झाली. त्यांच्या संगणकात काश्मीरमधल्या सैन्याच्या तैनातीची माहिती सापडली होती. ती आली होती पाकिस्तानात छापल्या गेलेल्या एका लेखनातून, जे इंटरनेटवर कुणालाही वाचता येत होतं. त्यात गुपित काही नाही, असं लष्करी गुप्तचर विभागानेच अखेर कळवलं आणि जानेवारी २००३ मध्ये खटला मागे घेतला गेला. तोवर सात महिने तिहारमध्ये गेले होते.

वीरप्पा मोईलींच्या प्रशासकीय सुधारणा आयोगाने २००६ मध्ये हा कायदा रद्द करून हेरगिरीच्या तरतुदी राष्ट्रीय सुरक्षा कायद्यात घ्याव्यात, अशी शिफारस केली. ती कागदावरच राहिली. माहिती अधिकार कायदा त्याच्या वर्षभर आधी आला होता. लोकहित जास्त महत्त्वाचं असेल, तर गुपिते कायदा आडवा येऊ नये, असं त्याचं कलम ८(२) सांगतं. राफेलच्या कागदांवर आक्षेप फेटाळताना १० एप्रिल २०१९ रोजी न्यायालयाने याचाही आधार घेतला. गुप्त शिक्क्याचे कागद छापायला सरकारने मनाई करावी, असा अधिकार देणारी तरतूदच त्याला गुपिते कायद्यात आढळली नाही. व्हिएतनाम युद्धाविषयीचे गुप्त कागद वृत्तपत्रांना छापू देणारा, पेंटॅगॉन पेपर्सचा १९७१ चा अमेरिकी निकालही निकालपत्रात आला. छापण्याआधी अडवता येत नाही. छापल्यावर कलम ५ आहेच.

हा कायदा आता कुठवर पोचला, ते वर्ध्यात दिसलं. पोलीस ठाण्यात मोबाइलवर व्हिडिओ काढला म्हणून एका माणसावर याच कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला. पोलीस ठाणं हे कायद्यातलं ‘प्रतिबंधित ठिकाण’ नाही, असं सांगून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये तो रद्द केला.