टेक्सासमधील पात्र मतदारांची वांशिक रचना

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात राहणाऱ्या, वयाची 18 वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांची वंशानुसार विभागणी. राज्याची एकूण लोकसंख्या आणि हा मतदारवर्ग यांत मोठी तफावत आहे. मतदारसंघांच्या सीमांवरून तिथे झालेले अनेक खटले समजून घ्यायचे तर आधी ही तफावत समजून घ्यावी लागते.

2020 च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या 2 कोटी 91 लाख भरली. त्यात हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी वा स्पॅनिशभाषक मूळ असलेले; यांनाच ढोबळपणे लॅटिनो म्हणतात) 39.3 टक्के आणि हिस्पॅनिक नसलेले गोरे 39.7 टक्के, म्हणजे जवळजवळ बरोबरी. केवळ प्रौढ नागरिक मोजले, की गोरे निम्म्याच्या आसपास पोहोचतात आणि हिस्पॅनिक सुमारे 30 टक्क्यांवर येतात. कृष्णवर्णीय साधारण 13 टक्के आहेत. आशियाई वंशाचे त्याहून बरेच कमी. याची कारणे दोन. हिस्पॅनिक समाज वयाने तरुण आहे, राज्यातील जवळपास निम्मी मुले त्याच समाजातली आहेत. शिवाय अनेक प्रौढ स्थलांतरितांकडे नागरिकत्व नाही. ह्यूस्टन आणि डॅलसच्या उपनगरांत एच-१बी व्हिसावर राहणारी मराठी कुटुंबेही अशीच: जनगणनेत धरली जातात, पात्र मतदारांत नाही.

2020 च्या जनगणनेत नागरिकत्वाचा प्रश्न नव्हता. तो घालण्याचा सरकारचा प्रयत्न 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात अडला. त्यामुळे हे आकडे जनगणना विभागाच्या नमुना सर्वेक्षणातून, पाच वर्षांची माहिती एकत्र करून काढले जातात. लहान भागांसाठी ते बेताने वापरावेत. गंभीर गुन्ह्याची शिक्षा भोगत असल्यामुळे मतदान करू न शकणारे नागरिकही त्यांत येतात. टेक्सासच्या मतदार नोंदणीत वंश विचारला जात नाही. हिस्पॅनिक मतदार किती, याचा अंदाज स्पॅनिश आडनावांवरून बांधतात.

एकूण आकडा किती फसवा ठरू शकतो, हे अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, टेक्सासमधील 23 व्या मतदारसंघाच्या प्रकरणात स्पष्ट दिसले. 2003 मध्ये मतदारसंघांच्या सीमांची फेररचना झाली, तीत लारेडो शहर असलेली वेब काउंटी (जिल्ह्यासारखा विभाग) दुभंगली गेली. नव्या मतदारसंघाच्या प्रौढ लोकसंख्येत लॅटिनो 50.9 टक्के होते, म्हणजे कागदावर बहुमत शाबूत. प्रौढ नागरिकांत मात्र त्यांचा वाटा 57.5 वरून 46 टक्क्यांवर घसरला होता. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच दुसरा आकडा ग्राह्य धरला आणि ही रचना मतदानातील वांशिक भेदभावाला मनाई करणाऱ्या 1965 च्या मतदान हक्क कायद्याचा भंग करते असा निकाल दिला. न्या. अँथनी केनेडी यांनी लिहिलेला हा निकाल रास्तच होता. मत देण्याची मुभाच नसलेल्यांना धरून मोजलेले बहुमत मतपेटीत उतरत नाही.

मतदारसंघ लोकसंख्येने समान करतानाही पात्र मतदारच मोजावेत, अशी मागणी टेक्सासमधल्याच दोन मतदारांनी केली होती. 2016 मध्ये न्यायालयाने ती एकमताने फेटाळली. लोकप्रतिनिधी मुलांचा आणि नागरिक नसलेल्यांचाही असतो, ही न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांच्या निकालपत्राची भूमिका होती. एखाद्या राज्याने स्वतःहून पात्र मतदारांचा आधार घेतला तर चालेल का, हा प्रश्न मात्र न्यायालयाने त्या निकालात खुला ठेवला.