मेहुणा : एका शब्दात दोन माणसं

"हे माझे मेहुणे," असं म्हटलं की समोरचा हटकून विचारतो, "बहिणीचे यजमान की बायकोचे भाऊ?" आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ अशी काटेकोर वर्गवारी करणारी मराठी इथेच का ढिली पडली?

व्युत्पत्ती सरळ आहे. कथेची जशी प्राकृतात 'कहा' झाली, तसंच मैथुनाचं 'मेहुण' झालं. मैथुन म्हटलं की लोक चपापतात, पण मुळात ते मिथुनापासून, म्हणजे जोडीपासून आलेलं. कुळधर्माला 'मेहूण जेवायला सांगितलंय' म्हणणाऱ्या आजीला त्यात काही वावगं वाटत नाही. जेवायला येतं ते नवरा-बायकोचं जोडपं, बस्स.

खरा गुंता अर्थाचा. प्राकृतात 'मेहुणिआ' म्हणजे बायकोची बहीण आणि मामाची मुलगीही. मामाची एक मुलगी बायको झाली की दुसरी आपोआप मेहुणी, म्हणजे एकच बाई दोन्ही नात्यांनी लागते. मामाची किंवा आत्याची मुलगी करणं ही दक्षिणेची चाल असल्याचं बौधायन धर्मसूत्रातही नोंदलेलं आहे. साटंलोटं झालं, तर बहिणीचा नवरा आणि बायकोचा भाऊ हा एकच माणूस. मग दोन शब्द हवेत कशाला?

यावर आक्षेप असा, की आपल्याकडे मामाची मुलगी चालली तरी आत्याची अनेक ठिकाणी वर्ज्य. तेव्हा साटंलोटं हा काही सर्रास नियम नव्हे, आणि शब्दाचा अर्थ नुसता 'लग्नाने जोडलेला' एवढाच असावा. आक्षेप वजनदार आहे. तरीही 'मेहुणिआ'चे ते दोन अर्थ शेजारी शेजारी दिसले, की मला पहिलंच उत्तर पटतं. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने भाऊ-बहिणीच्या मुलांमधलं लग्न निषिद्ध नात्यांत घातलं, पण रूढी असेल तर सूटही ठेवली. मामाच्या मुलीची वाट त्यामुळे पुरती बंद झाली नाही.

बायकोच्या भावाला खास शब्द नव्हता असंही नाही. ऋग्वेदातल्या 'स्याल'पासून आलेला साळा होताच. पण हिंदीतला साला शिवी होऊन बसला आणि साळ्याचीही पत गेली. त्याचं काम मेहुण्याकडे आलं. बहिणीच्या नवऱ्याला हाक मारायला दाजी, भावजी होतेच, आता जिजूही आलाय. बायकोच्या धाकट्या भावाला मात्र आपण नावानेच हाक मारतो.