डेलावेअर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील पूर्व किनाऱ्यावरील राज्य. क्षेत्रफळ पाण्यासह सु. ६,४५० चौ. किमी.; ऱ्होड आयलंड वगळता सर्वांत लहान. लोकसंख्या ९,८९,९४८ (२०२०). राजधानी डोव्हर, विल्मिंग्टन हे सर्वांत मोठे शहर. उत्तरेस पेनसिल्व्हेनिया, पश्चिमेस व दक्षिणेस मेरिलंड, पूर्वेस डेलावेअर नदी, तिचा उपसागर व अटलांटिक महासागर. काउंटी तीनच : न्यू कॅसल, केंट व ससेक्स.

उत्तरेचा चिंचोळा पट्टा पीडमाँट पठाराचा आहे, बाकी सगळे सखल किनारी मैदान. सर्वोच्च जागाही जेमतेम १३७ मी. उंच. पठारावरून उतरणाऱ्या ब्रँडीवाइन नदीच्या ओढीवर पिठाच्या गिरण्या चालत. १८०२ मध्ये द्यू पाँ यांनी तिच्या काठी बंदुकीच्या दारूचा कारखाना काढला. तेथील दारू दळण्याच्या इमारतींना तीन बाजूंनी जाड दगडी भिंती असत. छप्पर व नदीकडची बाजू मुद्दाम हलकी ठेवत, म्हणजे स्फोट झालाच तर त्याचा जोर पाण्याकडे निघून जाई.

हे राज्य वेगळे का राहिले, याचे उत्तर सीमावादात आहे. मेरिलंडची १६३२ ची सनद ‘अद्याप लागवडीखाली न आलेल्या’ भूमीची होती. डचांनी मात्र १६३१ मध्येच आजच्या ल्यूइसजवळ वसाहत केली होती. ती वर्षभरात नष्ट झाली. तरी मेरिलंडचा हक्क खोडण्यासाठी शेजारच्या पेनसिल्व्हेनिया वसाहतीच्या मालक पेन घराण्याने तिचाच आधार घेतला, आणि त्या युक्तिवादातील सर्वांत भक्कम मुद्दा तोच म्हणावा लागतो. पुढे स्वीडिश (१६३८), पुन्हा डच (१६५५) व इंग्रज (१६६४) असे सत्तांतर झाले. १६८२ मध्ये इंग्लंडच्या राजाचा भाऊ यॉर्कचा ड्यूक याने न्यू कॅसलभोवतीचा बारा मैलांचा प्रदेश पेनसिल्व्हेनियाचा संस्थापक विल्यम पेन याला दिला. नदीच्या पश्चिम तीरावर ड्यूकचा स्वतःचा हक्क कितपत होता, हे संशयास्पदच आहे.

बारा मैल म्हणजे त्रिज्या की परीघ, यावर दीर्घ वाद चालला. १७५० मध्ये इंग्लंडचे लॉर्ड चॅन्सेलर (वरिष्ठ न्यायाधीश) हार्डविक यांनी त्रिज्या ठरवली. मग मापनाचा प्रश्न आला. चढउतारावरून मोजणीची साखळी जमिनीलगत ओढली तर बारा मैल लवकर भरतात आणि वर्तुळ आकसते. मेरिलंडला तेच हवे होते. निर्णय क्षितिजसमांतर मोजणीच्या बाजूने लागला. १७०१ च्या मोजणीत कंसाच्या खुणा झाडांच्या सालींवर केल्या होत्या. झाडे गेली तशा खुणाही गेल्या. १८९२–९३ च्या फेरमोजणीत तो एकसंध कंस नसल्याचे दिसले, म्हणून आजची रेषा वेगवेगळ्या कंसांची जोडून बनलेली आहे. मेसन व डिक्सन या मोजणीदारांच्या आखणीनंतर (१७६३–६७) कंस आणि मेरिलंडच्या सीमेची उत्तरेकडे जाणारी रेषा यांच्यामध्ये पाचरीसारखा सु. ६८४ एकरांचा तुकडा उरला होता. तो १९२१ मध्ये डेलावेअरकडे आला. नदीतही हे वर्तुळ न्यू जर्सीच्या काठावरील ओहोटीच्या रेषेपर्यंत जाते, ही बाब १९३४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली.

७ डिसेंबर १७८७ रोजी संघराज्याच्या संविधानाला मान्यता देणारे हे पहिले राज्य. गुलामगिरी मात्र येथे ती देशभर बंद करणाऱ्या १८६५ च्या घटनादुरुस्तीपर्यंत टिकली, आणि त्या दुरुस्तीला राज्याने मान्यता दिली ती १९०१ मध्ये. ससेक्समध्ये मांसासाठीचे कुक्कुटपालन हा मुख्य व्यवसाय आहे.