तेलखंड (मोटार इंजिनातील)

इंजिन फिरत असताना बेअरिंगांचा वंगणतेलाचा पुरवठा क्षणभर तुटणे, म्हणजे तेलखंड. रोजच्या मोटारीत तो बहुधा तेल कमी पडल्याने किंवा दगडावर आपटून चेंबर (इंजिनाखालचे तेलाचे भांडे) फुटल्याने होतो. ताकद वाढवलेल्या, रुंद व चिकट टायर लावलेल्या मोटारीत मात्र तेल मोजण्याच्या पट्टीवर तेल पुरेपूर दिसत असतानाही तो होऊ शकतो. प्रस्तुत नोंद या दुसऱ्या प्रकारापुरती आहे.

क्रँकशाफ्टला (पिस्टनांनी फिरवला जाणारा इंजिनाचा मुख्य दांडा, थोडक्यात क्रँक) बेअरिंगमध्ये पंपाचा दाब उचलून धरतो, हा समज अजूनही टिकून आहे. इंग्रज अभियंते बोशँप टॉवर यांनी १८८३ मध्ये रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. वरून पाडलेल्या भोकातून तेल उसळू लागले, म्हणून त्यांनी बूच मारले, ते निघाले. मग लाकडी खुंटी ठोकली. तीही हळूहळू बाहेर सरकली. दाबमापक जोडला, तर काटा २०० पौंडांच्या मोजपट्टीपलीकडे गेला. बेअरिंगवरचा सरासरी भार होता दर चौरस इंचाला १०० पौंड, आणि पंप तर तिथे नव्हताच. ऑस्बर्न रेनल्ड्स यांनी १८८६ मध्ये याची गणिती उपपत्ती दिली. या सिद्धांताचे अग्रत्व काही जण रशियाच्या निकोलाय पेत्रोव्ह यांना देतात. त्यांचे काम १८८३ चे आहे. परंतु पेत्रोव्ह यांनी शाफ्ट बेअरिंगच्या बरोबर मध्यावर फिरतो असे धरले होते. त्यातून घर्षण निघते, भार कशावर तोलला जातो हे निघत नाही. म्हणून रेनल्ड्स यांचा दावा अधिक बळकट वाटतो. पंपाने दाबयुक्त तेल पुरवण्याची पद्धत साधारणपणे १८९० च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या बेलिस कारखान्यातील आल्बर्ट पेन यांच्या वाफेच्या इंजिनापासून मोजतात.

सारांश, भार पेलणारा दाब फिरणाऱ्या शाफ्टमुळे तेलाच्या थरातच तयार होतो; पंपाने तेल अखंड पोहोचवायचे असते. ‘दर हजार फेऱ्यांना १० पौंड दाब’ (फेऱ्या दर मिनिटाच्या, दाब दर चौरस इंचाचा) हा अमेरिकी व्ही-८ कारागिरांचा आडाखा ढोबळ खूण म्हणून ठीक आहे. केवळ त्याच्यामागे लागून दाब वाढवला, तर पंपावरचा ताण आणि तेलाचे तापमान मात्र वाढते.

वळणावर आडवे त्वरण गुरुत्वाइतके झाले की चेंबरमधील तेलाचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. पंप ज्यातून तेल ओढतो ती जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. दाबाचा दिवा बहुधा दाब अर्ध्या बारच्याही (बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका दाब) खाली गेल्यावर लागतो. सहा हजार फेऱ्यांवर तोवर बेअरिंगचे जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

निसान स्कायलाइन जी-टी-आर (आर-३२, १९८९) मधील आर-बी-२६ हे २,५६८ घ. सेंमी.चे इंजिन या बाबतीत नेहमी दाखल्याला घेतले जाते. त्यात उंच फेऱ्यांवर तेल सिलिंडर हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) साचते, कारण परतीच्या वाटांनी खालून वायू वर येत असतात. त्यावर हेडकडे जाणाऱ्या तेलमार्गात बारीक भोकाच्या अडसर-चकत्या बसवतात, परतीची वाट मोकळी करतात आणि चेंबर मोठा करतात. पंपाची दातेरी चकती फुटण्याविषयी मात्र मतभेद आहेत. सुरुवातीच्या क्रँकवर पंपाला फिरवणारा चपटा भाग अरुंद होता, हे एक कारण दिले जाते, आणि पुढे निसाननेच तो रुंद केला. दुसरे मत क्रँकच्या पिळाच्या कंपनांवर आणि फेऱ्यांची मर्यादा गाठून इंजिन वारंवार अडखळण्यावर बोट ठेवते. रुंद क्रँकच्या इंजिनांतही चकत्या फुटल्या आहेत, हे पाहता दुसरे कारण वगळता येत नाही.

पहिला उपाय स्वस्त आहे: जाळीभोवती एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपांच्या आडभिंती. मग फिल्टरनंतरच्या मार्गावर दाबमापक आणि तेलाचा तापमापक. तेलाचा कूलर लावताना थर्मोस्टॅट (तेल तापल्यावरच कूलरची वाट उघडणारी झडप) वगळू नये; गार तेलही इंजिनाला मानवत नाही. पट्टीच्या खुणेच्या वरपर्यंत मुक्तहस्ते तेल भरणेही घातक, कारण क्रँक ते घुसळून फेस करतो. हवेच्या दाबाखाली तेल राखून ठेवणारी नळकांडी खंडाचे काही क्षण निभावते.

शुष्क चेंबर हा सर्वांत खर्चिक मार्ग. त्यात जादा पंप चेंबरमधील तेल उपसून वेगळ्या टाकीत टाकतात. मर्सिडीझ ३०० एस-एल (१९५४) व पोर्श ९११ या रस्त्यावरच्या मोटारींत ही योजना कारखान्यातूनच होती.

भारतात शुष्क चेंबरची ओळख बहुतेकांना नकळत बुलेटवर झाली. जुन्या बिडाच्या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसच्या ओतीवातच आहे. गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेल पंपातून क्रँकच्या बाजूला झिरपते, पट्टी कोरडी दिसते, आणि मालक वरून तेल ओततो. मग किक मारताच ब्रीदरच्या (क्रँककेसमधील हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून ते बाहेर पडते. अशी गाडी थोडी चालवून तेल टाकीत परतल्यावरच पट्टी पाहावी.