मेंदूचा मुका मार

अमेरिकन फुटबॉलचं हेल्मेट कवटी फुटू देत नाही, आणि ते काम ते चोख करतं. आत द्रवात तरंगणारा सुमारे १.४ किलोचा मऊ मेंदू मात्र त्याला धरून ठेवता येत नाही. स्टीलच्या डब्यात खरवस ठेवून डबा गर्रकन फिरवला, तर डब्याला पोचाही येत नाही. खरवस मात्र तडकतो. धडकेत डोकं झटक्याने वळलं की मेंदूतले लांब चेतातंतू असेच ताणले जातात. पेशींतलं पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत घुसतं. हा तोल सावरायला ऊर्जा जास्त लागते आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा मंदावतो. हेच कनकशन. सीटी स्कॅनमध्ये बहुतेकदा काही दिसत नाही. मुका मारच तो.

त्यामुळे भिस्त चाचणीवर. मैदानाच्या कडेला खेळाडूला शब्दांची यादी ऐकवून लगेच आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणायला लावतात. डिसेंबरपासून उलटे महिने विचारतात. मग डोळे मिटून, हात कमरेवर ठेवून २० सेकंद एका पायावर उभं करतात आणि तोल किती वेळा गेला ते मोजतात. हे गुण त्याच्याच हंगामाआधीच्या गुणांशी ताडायचे. गोम इथेच आहे: काही जण ती आधीची चाचणी मुद्दाम वाईट देतात, म्हणजे मार लागल्यावर फरक कळू नये. संघातली जागा जाण्याची धास्ती असते, दुसरं काय!

कनकशन ठरलं की त्या दिवशी खेळ बंद. परतीच्या पायऱ्या सहा: रोजची कामं, हलका व्यायाम, एकट्याने धावणं, धडकेविना सराव, डॉक्टरांच्या परवानगीनंतर धडकेचा सराव, मग सामना. प्रत्येक पायरीला किमान २४ तास.

पण सीटीई, म्हणजे क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी, ही मेंदूची व्याधी या पायऱ्यांना जुमानत नाही. तिचा संबंध एकूण किती वर्षं धडका खाल्ल्या याच्याशी आहे. कनकशन न म्हणता येणाऱ्या बारीक धडकाही त्यात आल्या. मेंदूच्या वळ्यांच्या खोबणीत, बारीक रक्तवाहिन्यांभोवती टाऊ नावाचं प्रथिन साचतं. पक्कं निदान मृत्यूनंतरच होतं. २०१७च्या एका अभ्यासात कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३ जणांपैकी ४८ जणांच्या मेंदूत ती सापडली. हे मेंदू दान केलेले होते, आणि शंका असलेली कुटुंबंच बहुधा दान करतात. तेव्हा हा आकडा सगळ्या खेळाडूंना लावू नये.

मग जबाबदारी कुणाची? अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए. तिच्या १९३३च्या वैद्यकीय पुस्तिकेत लिहिलं होतं, की लक्षणं ४८ तासांहून जास्त टिकली तर २१ दिवस किंवा त्याहून अधिक काळ खेळू देऊ नये. प्रत्येक कॉलेजकडे कनकशनची योजना हवी, अशी सक्ती झाली २०१०मध्ये. मधली ७७ वर्षं हा सल्ला पुस्तिकेतच राहिला. २०१९मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीत माजी खेळाडूंच्या तपासण्यांसाठी ७ कोटी डॉलर ठेवले गेले, तेही ५० वर्षांसाठी. उपचार आणि भरपाई त्यात नाही. तपासणीत आजार निघाला तर पुढचं ज्याचं त्याने बघायचं. २०२२मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने एका दिवंगत खेळाडूच्या खटल्यात एनसीएएला जबाबदार धरलं नाही.

न्यायालयात भांडण होतं ते कोणाला कधी काय ठाऊक होतं यावर. आम्हांला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते सरावाचं वेळापत्रक. २०२१मध्ये सहा कॉलेज संघांतल्या ६५८ खेळाडूंच्या हेल्मेटमधल्या सेन्सरांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. सुमारे ७२ टक्के कनकशन सामन्यात नव्हे, सरावात झाली होती. जवळपास निम्मी हंगामपूर्व शिबिरात झाली, आणि ते शिबिर म्हणजे हंगामाचा जेमतेम पाचवा हिस्सा. सामन्यात समोरचा संघ कसा धडकेल ते कुणाच्या हाती नसतं; सरावात कोण कोणावर किती वेळा धडकणार, हे प्रशिक्षकच ठरवतो. त्याच वर्षी एनसीएएने हंगामपूर्व शिबिरात एका सरावातल्या पूर्ण ताकदीच्या धडकांना ७५ मिनिटांची मर्यादा घातली, आणि दोघांना समोरासमोर उभं करून एकमेकांवर सोडायचे जुने सराव बंद केले.