प्रोजेक्टमधले टूल की नेटवरचे? ‘एनपीएक्स’मागची पार्श्वभूमी

एकाच्या मशीनवर बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवणे) होतो, दुसऱ्याच्या मशीनवर फुटतो. कोड तोच. फरक बहुतेक वेळा टूलच्या आवृत्तीत असतो: दोघांनी कमांड एकच टाइप केलेली, पण चालले वेगळेच काहीतरी.

१९७६ सालच्या ‘मेक’ या बिल्ड-टूलने लांबलचक कमांडला छोटे नाव दिले, पण आवृत्तीची जबाबदारी मशीनवरच सोडली. रुबी भाषा वापरणाऱ्यांनी ती प्रोजेक्टकडे आणली. प्रोजेक्टने ठरवलेलीच आवृत्ती चालवणारा ‘बंडल एक्झेक’ हा उपसर्ग अंगवळणी पडला आणि रुबीच्या रेल्स या वेब-फ्रेमवर्कच्या ४ पासून (२०१३) ‘बिन’मधल्या छोट्या स्क्रिप्ट कोडसोबतच कमिट होऊ लागल्या.

जावास्क्रिप्टमध्ये पॅकेज उतरवणाऱ्या एनपीएमच्या १.० (२०११) पासून, ग्लोबल (सगळ्या मशीनसाठी) म्हणून मुद्दाम सांगितले नाही तर पॅकेज प्रोजेक्टच्या ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डरातच उतरते. त्याची कमांड तिथल्या ‘.बिन’ फोल्डरात जाते. शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम) तिथे बघत नाही, म्हणून कोड तपासणारे ‘इएसलिंट’ इन्स्टॉल असूनही ‘कमांड नॉट फाउंड’ येते. काहींनी हा फोल्डर सापेक्ष (चालू फोल्डरापासून मोजलेल्या) मार्गाने पाथमध्ये, म्हणजे शेल कमांड शोधते त्या फोल्डरांच्या यादीत, सर्वांत पुढे घातला. हे करू नये. अनोळखी रिपॉझिटरीच्या ‘.बिन’मध्ये कोणी ‘एलएस’ (फाइलींची यादी दाखवणारी नेहमीची कमांड) नावाची फाइल ठेवली असेल, तर आत जाऊन ‘एलएस’ म्हणताच तीच चालते. प्रोजेक्टच्या स्क्रिप्ट चालवणारे ‘एनपीएम रन’ हेच काम नीट करते: ‘.बिन’ पाथला जोडते, पण तेवढ्या स्क्रिप्टपुरतेच. अडचण फ्लॅगची, म्हणजे कमांडला जोडलेल्या पर्यायांची. एनपीएम २ (२०१४) पासून ते टूलपर्यंत पोचवायला आधी सुटे ‘--’ लागते. ते राहिले तर ‘--वॉच’ (फाइल बदलताच टेस्ट पुन्हा चालवणारा फ्लॅग) एनपीएम स्वतःकडेच ठेवून घेते आणि टेस्ट एकदाच चालून थांबतात.

२०१७ मध्ये एनपीएम ५.२ सोबत ‘एनपीएक्स’ आले आणि वादही. कमांड पाथवर किंवा प्रोजेक्टात सापडली तर ती चालवायची, नाही तर रजिस्ट्रीवरून (पॅकेजेसच्या सार्वजनिक साठ्यावरून) त्या नावाचे पॅकेज उतरवून तेच चालवायचे. एका शब्दात दोन कामे, आणि दोन्हींतला धोका सारखा नाही. पहिल्यात, टूल प्रोजेक्टात असेल तर, लॉकफाइलने (आवृत्त्या पक्क्या नोंदवणाऱ्या फाइलने) ठरवलेला कोड चालतो, दुसऱ्यात त्या क्षणी रजिस्ट्रीवर त्या नावाखाली जे असेल ते.

टाइपस्क्रिप्ट भाषेचेच बघा. कंपायलरची कमांड ‘टीएससी’, पण पॅकेजचे नाव ‘टाइपस्क्रिप्ट’. ‘टीएससी’ नावाचे पॅकेज भलतेच आहे. इन्स्टॉल करायचे विसरून ‘एनपीएक्स टीएससी’ चालवले की ते उतरते आणि ‘तुम्ही शोधताय ती टीएससी कमांड ही नव्हे’ अशा अर्थाचा संदेश छापते. इथे नावावर बसलेला माणूस सज्जन निघाला. टायपो झालेल्या नावावर तसाच कोणी असेल याची खात्री नाही.

एनपीएम ७ ने (२०२०) उतरवण्याआधी विचारायला सुरुवात केली. चांगले झाले, पण अर्धेच. सीआयवर (कोड आपोआप तपासणाऱ्या सर्व्हरवर) उत्तर द्यायला कोणी नसते, त्यामुळे तिथे इशारा छापून पॅकेज उतरवलेच जाते. म्हणून सीआयच्या फाइलीत ‘--नो’ लिहावे: पॅकेज नसेल तर काम तिथेच थांबते. यार्न २ आणि पीएनपीएम या एनपीएमच्या पर्यायांनी उतरवून चालवण्याला ‘डीएलएक्स’ हे वेगळे नाव दिले. योग्य निर्णय तोच होता. कमांड वाचतानाच नेटवरून काही येणार आहे हे कळते.

पुढच्यांनी हा धडा घेतलेला दिसतो. डॉटनेट कोअर ३.० ने (२०१९) टूल्सची आवृत्तीसह यादी प्रोजेक्टातच ठेवली. गो भाषेच्या १.२४ ने (२०२५) प्रोजेक्टच्या ‘गो.मॉड’ फाइलीत ‘टूल’ ही ओळ आणली, त्याआधी टूलची नोंद राहावी म्हणून ते नुसते इम्पोर्ट करणारी ‘टूल्स.गो’ ही फाइल ठेवावी लागे. पायथनच्या ‘यूव्ही’ या पॅकेज-टूलमध्ये ‘यूव्ही रन’ प्रोजेक्टच्या वातावरणात चालते, ‘यूव्हीएक्स’ त्याबाहेर. रफसारख्या फॉरमॅटरला (कोडची मांडणी नीट करणाऱ्या टूलला) ‘यूव्हीएक्स’ चालते. टेस्ट चालवणाऱ्या पायटेस्टला नाही: त्याला प्रोजेक्टचे मॉड्यूल दिसत नाहीत आणि पहिल्याच इम्पोर्टला ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ येते. तिथे ‘यूव्ही रन पायटेस्ट’च लागते.